हे इलास्टेज कोणाचे?

सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाने खोकून काढलेला पिवळट-हिरवा बेडका प्रयोगशाळेत पातळ करून घेतला आणि त्यात इलास्टिन टाकले, तर थोड्या वेळात ते इलास्टिन विरघळू लागते. याबद्दल कधी कुणाचे दुमत नव्हते. इलास्टिन हे फुफ्फुसाला लवचीकपणा देणारे प्रथिन, आणि ते तोडणारे विकर म्हणजे इलास्टेज. बेडक्यात इलास्टेज आहे म्हणजे श्वासनलिकांच्या भिंतींना धोका आहे, हेही उघड होते. वाद होता तो हे इलास्टेज कुणाचे, याचा. एक इलास्टेज 'स्यूडोमोनास एरुजिनोसा' हा जिवाणू बनवतो. दुसरे आपल्याच रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बनवतात. एकच काम करणारी ही दोन वेगळ्या घराण्यांची विकरे एकाच बेडक्यात सापडतात.

या वादाचा इतिहास शोधनिबंधांतूनच लिहावा लागतो, कारण दुसरे साधन नाही. जिवाणूने एखाद्या मुलाच्या फुफ्फुसात 20-30 वर्षे काय केले, याची नोंद वेळोवेळी घेतलेल्या आणि गोठवून ठेवलेल्या नमुन्यांत राहते. हे निबंध एकापुढे एक ठेवून वाचताना मी दोनच गोष्टी पुन्हापुन्हा तपासल्या: नमुना लागणीच्या कोणत्या टप्प्यावर घेतला होता, आणि मोजले ते नेमके काय. परस्परविरोधी वाटणारे बरेच निष्कर्ष एवढ्यानेच जागेवर बसतात.

पहिला मोठा कागद 1938 चा. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधल्या विकृतिशास्त्रज्ञ डोरोथी अँडरसन यांनी 49 बालकांच्या नोंदी एकत्र करून सिस्टिक फायब्रोसिस हा स्वतंत्र आजार असल्याचे दाखवले. त्यांचे मुख्य लक्ष स्वादुपिंडावर होते. आजाराचे नावही तिथल्या तंतुमय गाठींवरून पडले. पण मुले दगावत होती ती बहुतांशी छातीच्या संसर्गाने, आणि त्या फुफ्फुसांत प्रामुख्याने सापडत होता तो 'स्टॅफिलोकोकस ऑरियस'. छातीच्या बिघाडाचे कारण त्यांनी अ जीवनसत्त्वाच्या अभावात शोधले. ते पुढे टिकले नाही. वर्णन मात्र इतके चोख होते की आजही ते वाचून आजार ओळखता येतो. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवायचे ते हे की 1938 च्या या कहाणीत स्यूडोमोनास हे मुख्य पात्र नाही. ते व्हायला मुलांनी आधी जगायला हवे होते.

पेनिसिलिन आणि त्यामागून आलेल्या औषधांनी स्टॅफिलोकोकसला आवर घातला. मुले शाळेत जाण्याइतकी मोठी होऊ लागली आणि त्यांच्या बेडक्यात नवा पाहुणा दिसू लागला. 1964 च्या 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'त डॉगेट आणि सहकाऱ्यांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांतले आणि इतरांतले स्यूडोमोनास शेजारी ठेवून तपासले. या रुग्णांतल्या जिवाणूंच्या वसाहती बुळबुळीत, शेंबडासारख्या होत्या. तोच जिवाणू, पण इथे राहून त्याने रूप बदलले होते. या निरीक्षणाचा पूर्ण अर्थ लागायला पुढे 40 वर्षे गेली.

विकराचा इतिहास तोवर वेगळ्याच वाटेने चालला होता. जखमेच्या पट्ट्यांवर पडणाऱ्या निळ्या-हिरव्या डागांमागचा जिवाणू पॅरिसमध्ये कार्ल गेसार यांनी 1882 मध्येच वेगळा काढला होता. त्याचे इलास्टेज शुद्ध स्फटिकरूपात मिळवले ते ओसाकाच्या शिओनोगी संशोधन प्रयोगशाळेतल्या काझुयुकी मोरिहारा यांनी. तो निबंध 1965 चा. तो विकर शुद्ध करण्याबद्दलचा जीवरसायनाचा निबंध आहे, सिस्टिक फायब्रोसिसबद्दलचा नाही. फुफ्फुसाच्या संदर्भात अधिक मोलाचा ठरला तो मोरिहारांचाच 1979 चा निबंध. आपल्या रक्तात अल्फा-1 प्रोटिनेज इनहिबिटर नावाचे एक प्रथिन असते. न्यूट्रोफिलचे इलास्टेज मोकाट सुटू नये म्हणून त्याला धरून ठेवणे हे त्याचे काम. स्यूडोमोनासची प्रथिनभेदक विकरे हा पहारेकरीच तोडून निकामी करतात, असे मोरिहारांनी दाखवले. म्हणजे जिवाणूने स्वतः इलास्टिनला हात न लावताही नुकसान घडवून आणण्याची सोय होती.

दोन्ही इलास्टेजांत मूलभूत फरक आहे आणि तोच पुढच्या मोजमापांत कामाला आला. जिवाणूच्या इलास्टेजला काम करायला जस्ताचा अणू लागतो. ईडीटीए घालून जस्त काढून घेतले की ते थांबते. न्यूट्रोफिलचे इलास्टेज सेरिन गटातले. त्याला ईडीटीएने फरक पडत नाही, त्याला रोखणारी रसायने वेगळी. स्यूडोमोनासकडे याशिवाय अल्कलाइन प्रोटीएज आहे, प्रोटीएज-4 आहे आणि लासए नावाचे आणखी एक आहे. लासएची एक खुबी 1993 मध्ये इफ्रात केसलर यांच्या गटाने दाखवली: ते स्टॅफिलोकोकसची पेशीभित्तिका फोडते. या आजारात जुना भाडेकरू मागे पडून नवा जागा घेतो, त्यात या विकराचा काही वाटा असू शकेल. स्टॅफिलोकोकसला मारणारी इतर अस्त्रेही या जिवाणूकडे आहेत, म्हणून सगळे श्रेय एकट्या लासएला देता येत नाही.

जिवाणू ही विकरे रुग्णाच्या शरीरात खरोखर बनवतो का? काचपात्रात बनवतो म्हणजे फुफ्फुसातही बनवत असेल, हे गृहीत धरणे सोपे होते. 1978 मध्ये क्लिंगर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तात या विकरांविरुद्धची प्रतिपिंडे शोधली आणि ती सापडली. शरीराने जे पाहिलेच नाही त्याविरुद्ध ते प्रतिपिंड बनवत नाही, तेव्हा विकर शरीरात तयार झाले होते हे नक्की झाले. 1982 मध्ये डोनाल्ड वूड्स, बार्बरा इग्लेव्स्की आणि सहकाऱ्यांनी अगारच्या मण्यांत जिवाणू कोंडून ते उंदरांच्या फुफ्फुसात सोडले. इलास्टेज नीट न बनवणाऱ्या उत्परिवर्तित जिवाणूंनी केलेली इजा मूळ जिवाणूपेक्षा कमी होती. इथवर सगळे पुरावे एकाच दिशेने जात होते आणि जिवाणूचे इलास्टेज हाच फुफ्फुस खाणारा घटक, असे पाठ्यपुस्तकी मत बनायला हरकत नव्हती. पण उंदराचा प्रयोग काही आठवड्यांचा असतो आणि मुलाची लागण वर्षानुवर्षांची.

1983 ते 1985 ही तीन वर्षे या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची आहेत. ट्युबिंगेनचे गेर्ड ड्योरिंग आणि कोपनहेगनचे नील्स हॉयबी या जोडीचे काम त्यांच्या केंद्रस्थानी आहे. डेन्मार्कच्या केंद्रात रुग्णांना दर महिन्याला बोलावण्याची शिस्त होती. बेडका तपासायचा, रक्त घ्यायचे, नोंद ठेवायची. इतिहास लिहिणाऱ्याला अशी तारीखवार मालिका मिळणे म्हणजे भाग्यच, कारण तीत एकाच माणसाचा आधीचा आणि नंतरचा नमुना मिळतो. ड्योरिंग यांनी जिवाणूच्या इलास्टेजसाठी आणि अल्कलाइन प्रोटीएजसाठी किरणोत्सारी खूण लावून मोजण्याची अतिसंवेदनशील चाचणी बसवली. या चाचणीत विकर चालू आहे की बंद याला महत्त्व नाही, ते हजर असले तरी दिसते. इलास्टिन विरघळवण्याच्या चाचणीत उलट आहे. तिथे काम करणारे विकरच दिसते. बऱ्याच गोंधळाचे मूळ या दोन चाचण्यांतल्या फरकात होते.

दोन्ही चाचण्यांतून उभे राहिलेले चित्र असे. लागणीच्या सुरुवातीला, प्रतिपिंडे तयार व्हायच्या आधी, जिवाणूची विकरे मोकळी असतात आणि काम करू शकतात. लागण जुनी होते तशी रक्तातली प्रतिपिंडे चढतात आणि ती या विकरांना पकडून बंद पाडतात. बेडक्यात मग विकर सापडते ते अत्यल्प प्रमाणात आणि प्रतिपिंडाला जखडलेल्या अवस्थेत. त्याच बेडक्यात न्यूट्रोफिलचे इलास्टेज मात्र त्याच्या मानाने प्रचंड आणि मोकळे असते. 1984 मध्ये जिनिव्हाच्या सुझान सुटर यांनी स्वतंत्रपणे हेच मांडले: रुग्णांच्या बेडक्यातली इलास्टिन तोडण्याची बहुतेक ताकद पांढऱ्या पेशींची आहे. 'इन्फेक्शन अँड इम्युनिटी'तल्या 1985 च्या निबंधात ड्योरिंग यांनी निष्कर्ष स्पष्ट केला. जुनाट लागणीत जिवाणूची विकरे थेट इजा करत असण्याची शक्यता कमी. त्यांचे काम असलेच तर जिवाणू घर करतो त्या सुरुवातीच्या काळातले.

यातला विरोधाभास रुग्णाच्या दृष्टीने क्रूर आहे. प्रतिपिंडांनी विकर बंद केले खरे, पण प्रतिपिंड आणि प्रतिजन यांच्या गाठी न्यूट्रोफिलना आणखी बोलावतात. हॉयबी यांच्या गटाने 1970च्या दशकापासूनच नोंदवले होते की ज्यांच्या रक्तात स्यूडोमोनासविरुद्धची प्रतिपिंडे जास्त, त्यांची प्रकृती अधिक वाईट.

नेमक्या याच काळात अमेरिकेत रॉबर्ट फिक आणि हर्बर्ट रेनॉल्ड्स उलट बाजूने पुरावे गोळा करत होते. 1984 मध्ये त्यांनी दाखवले की या रुग्णांच्या श्वासनलिका धुऊन काढलेल्या द्रवात आयजीजी हे प्रतिपिंड तुटलेल्या तुकड्यांत सापडते आणि त्यामुळे जिवाणू गिळण्याचे काम अडते. रुग्णांतून मिळवलेले स्यूडोमोनास आयजीजी तोडू शकतात, हे त्यांनी 1985 मध्ये मांडले. मग प्रतिपिंड विकराला बांधते की विकर प्रतिपिंडाला तोडते? माझ्या मते दोन्ही गट खरे बोलत होते, फक्त एकाने तोडण्याची क्षमता मोजली आणि दुसऱ्याने रुग्णात प्रत्यक्ष उरलेली क्रिया. फिक यांचे जिवाणू काचपात्रात वाढवलेले, खाऊनपिऊन तरतरीत. ड्योरिंग यांनी मोजले ते बेडक्यातले. जुन्या रुग्णाबद्दल बोलायचे असेल तर मी ड्योरिंग यांच्या मोजणीला झुकते माप देईन. तुटलेल्या आयजीजीचे निरीक्षण त्याने खोटे ठरत नाही, कारण तोडणारी दुसरी कात्री, म्हणजे न्यूट्रोफिलची, तिथे हजर होतीच.

तिची करामत पुढे तपशिलात उलगडली. मायकेल टोसी आणि मेल्विन बर्जर यांनी 1990 मध्ये दाखवले की न्यूट्रोफिलचे इलास्टेज जिवाणूवर लागलेली पूरक-प्रथिनाची खूण छाटते आणि ती ओळखणारा न्यूट्रोफिलवरचा ग्राहकही छाटते. पांढरी पेशी स्वतःच्याच विकराने स्वतःला आंधळी करते. ऑस्ट्रेलियात नवजात तपासणीतून सापडलेल्या 127 बाळांवरचा 2013 चा अभ्यास तर आणखी मागे जातो. तीन महिन्यांच्या वयात फुफ्फुसाच्या द्रवात मोकळे न्यूट्रोफिल इलास्टेज सापडले, तर त्या बाळांच्या श्वासनलिका पुढे कायमच्या फुगून खराब होण्याचा धोका जास्त होता.

एवढ्यावर जिवाणूची विकरे इतिहासजमा व्हायला हवी होती. त्यांना परत आणले जनुकांनी. रोचेस्टरमध्ये गॅम्बेलो आणि इग्लेव्स्की इलास्टेजचे जनुक कोण चालू करते ते शोधत होते. 1991 मध्ये त्यांना लासआर हे नियामक जनुक मिळाले. आसपास आपल्यासारखे किती आहेत याचा रासायनिक अंदाज घेऊन, पुरेशी गर्दी झाल्यावरच विकरे सोडायची, ही जिवाणूंची पद्धत याच धाग्याने पुढे उलगडली.

2006 मध्ये सिएटलच्या गटाने एकाच रुग्णातले दोन नमुने जनुकीय पातळीवर पूर्ण वाचले: एक रुग्ण सहा महिन्यांचा असतानाचा, दुसरा 96 महिन्यांचा असतानाचा. मधल्या साडेसात वर्षांत जिवाणूच्या जनुकसंचात 68 उत्परिवर्तने साठली होती. बदल वाटेल तिथे पडलेले नव्हते. तीव्र संसर्गात उपयोगी पडणारी हत्यारे जिवाणू टाकून देत होता, आणि बिघडलेल्या जनुकांत लासआर होते. इतर 29 रुग्णांतले जिवाणू तपासले तेव्हा लासआरचा बिघाड पुन्हापुन्हा भेटला. म्हणजे ड्योरिंग यांना जुन्या बेडक्यात जिवाणूचे इलास्टेज जवळजवळ दिसले नाही, याचे प्रतिपिंड हे एकमेव कारण नसावे. काही रुग्णांत जिवाणूने ते बनवणेच सोडले होते.

हा बदल डोळ्यांनी बघता येतो. साय काढलेल्या दुधाची भुकटी घातलेल्या अगारची बशी पांढरी, अपारदर्शक असते. तीवर सुरुवातीच्या काळातला स्यूडोमोनास लावला की एका रात्रीत वसाहतीभोवती स्वच्छ, पारदर्शक कडे उमटते. विकराने दुधातले केसीन खाल्लेले असते. लासआर बिघडलेल्या जिवाणूभोवती हे कडे अरुंद असते किंवा उमटतच नाही. साध्या अगारवर त्याची वसाहत चपटी वाढते, मधून विरघळल्यासारखी दिसते आणि तिच्यावर धातूसारखी झळाळी येते.

हत्यार का टाकले? दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांना छेद देत नाहीत. पहिले फुकटेपणाचे: विकर पेशीबाहेर सोडले जाते, त्याने तोडलेल्या प्रथिनांवर शेजारीही पोसतात, तेव्हा खर्च न करता जेवणाऱ्याची भरभराट होते. 2007 मध्ये दोन गटांनी प्रयोगशाळेत हे घडवून दाखवले. दुसरे उत्तर मला अधिक पटते: न्यूट्रोफिलच्या विकरांनी तोडलेल्या प्रथिनांमुळे या रुग्णांच्या कफात अमिनो आम्ले मुबलक असतात. त्यांतल्या काहींवर लासआर बिघडलेले जिवाणू अधिक चांगले वाढतात, हेही त्याच वर्षी सिएटलहून प्रसिद्ध झाले. जे काम यजमानाचेच विकर करून देते, त्यासाठी जिवाणूने खर्च कशाला करावा?

विकर सोडले म्हणजे जिवाणू सौम्य झाला, असे कुणी म्हणेल. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या दाओ न्गुयेन यांच्या गटाचा 2015 चा निबंध नेमका याला उत्तर देतो. स्यूडोमोनासची विकरे आयएल-8 आणि आयएल-6 हे दाह वाढवणारे निरोप्येही तोडत असतात. लासआर बिघडले की ते तुटत नाहीत, साचतात, आणि न्यूट्रोफिलना बोलावणे चालूच राहते. उंदरांत अशा जिवाणूने अधिक भडका उडवला. सुरुवातीला विकर असणे घातक आणि पुढे ते नसणे घातक, असा हा तिढा आहे.

याला अपवादही आहेत. जुनाट लागणीच्या रुग्णांत आजार उफाळून येतो त्या काळात बेडक्यात जिवाणूचे इलास्टेज आणि अल्कलाइन प्रोटीएज सापडल्याचा 1995 चा निबंध आहे. 2016 मध्ये दिसले की लासआर बिघडलेल्या काही जिवाणूंनी दुसऱ्या नियामकाच्या, आरएचएलआरच्या, मदतीने हीच व्यवस्था चालू ठेवली आहे. एका फुफ्फुसात एकाच वेळी दोन्ही स्वभावांचे जिवाणू नांदू शकतात, तेव्हा एका वसाहतीवरून अख्ख्या छातीचा निवाडा करणे धोक्याचे. आणखी एक मर्यादा नोंदवायला हवी. हे बेडके मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांचे आहेत. भारतातला आजार 1968 च्या सुमारास निबंधांत दिसू लागतो, आणि तिकडे रुग्णांच्या जनुकांत सर्वाधिक आढळणाऱ्या एफ508डेल या उत्परिवर्तनाचे प्रमाण आपल्याकडच्या रुग्णांत कमी आहे. आपल्या रुग्णांच्या नमुन्यांची कोपनहेगनसारखी तारीखवार मालिका उभी राहिली, तर हे निष्कर्ष इथे कितपत लागू पडतात ते कळेल.

उपचारांच्या इतिहासात या सगळ्याला धरून बसणारी एक चाचणी आहे. 1991 मध्ये वालेरियस, कोख आणि हॉयबी यांनी 'लॅन्सेट'मध्ये 26 रुग्णांचा अहवाल दिला. स्यूडोमोनास बेडक्यात पहिल्यांदा दिसताच सुमारे निम्म्या जणांना तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन आणि वाफाऱ्यातून कोलिस्टिन दिले. 27 महिन्यांत उपचार न झालेल्यांपैकी 58 टक्क्यांना जुनाट लागण झाली, उपचार झालेल्यांपैकी 14 टक्क्यांना. संख्या छोटी आहे. पण जिवाणू दिसताच त्याच्यावर तुटून पडायचे, ही आजची रीत याच वाटेने रुळली. आता या आजारात मुळात बिघडलेल्या सीएफटीआर या प्रथिनालाच सुधारणारी तीन औषधांची गोळी 2019 पासून मिळते आणि ती परवडणाऱ्या देशांत आजाराचे रूपच बदलते आहे. जिवाणूच्या इलास्टेजला रोखणाऱ्या रेणूंवर जर्मनीत सारब्रुकेनसह काही ठिकाणी काम चालू आहे; रुग्णांच्या नेहमीच्या उपचारात त्यांतला एकही अजून आलेला नाही. असे औषध चाचणीला येईल तेव्हा ते 20 वर्षांची लागण असलेल्यांना देऊन 'उपयोग नाही' म्हणणे सोपे असेल. तो निकाल 1985 च्या निबंधातच लिहिलेला आहे. चाचणी करायची तर ती पहिल्या लागणीच्या मुलांत, प्रतिपिंडे चढण्याआधी करावी.